दुर्बिणीतून निसटणारी रक्तवाहिनी

सुरगाणा-पेठकडचा माणूस ‘संडास काळी होते’ म्हणत नाशिकला येतो, तोवर घरी ‘पित्त असेल’, ‘मूळव्याध असेल’ म्हणण्यात बरेच दिवस गेलेले असतात. काळी संडास म्हणजे बहुधा पोटात रक्तस्राव. बहुतेकांत त्याचं कारण ओळखीचं निघतं: जठरातला अल्सर, किंवा लिव्हर बिघडल्याने अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा. थोड्यांच्या बाबतीत मात्र तोंडातून दुर्बीण घालूनही (एंडोस्कोपी) काही दिसत नाही, आणि दोन दिवसांत रक्ताची उलटी होते.

या कोड्याची पहिली नोंद १८८४ मध्ये फ्रान्समधल्या गॅलार्ड यांनी केली. नाव मिळालं ते जॉर्ज द्यूलाफॉय यांचं. १८९८ मध्ये त्यांना वाटलं की ही अल्सरची सुरुवात आहे. तसं नव्हतं. जठराच्या अस्तराकडे येताना धमनी बारीक होत जायला हवी. इथे ती १ ते ३ मिलिमीटर जाडच राहते. वरचं अस्तर टाचणीच्या टोकाएवढं झिजलं की रक्ताची चिळकांडी उडते, मग थांबते. थांबल्यावर जागा अगदी निरोगी दिसते. म्हणूनच पहिली तपासणी ‘नॉर्मल’ आली तरी रक्तस्राव चालू असेल तर दुर्बीण पुन्हा घालायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पूर्वी पोट उघडून जठराचा भाग काढावा लागे आणि कित्येक रुग्ण दगावत. आता दुर्बिणीतूनच क्लिप किंवा रबर बँड लावून बहुतेकांचं काम भागतं.

दुसरं कोडं हृदयाशी जोडलेलं आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड हाइड यांनी एका छोट्या पत्रात १० रुग्णांची हकीकत लिहिली: हृदयातून महाधमनीत (शरीराच्या मुख्य धमनीत) रक्त सोडणारी झडप अरुंद, आणि आतड्यातून रक्त. दुवा बराच उशिरा उलगडला. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवायला मदत करणारं व्हॉन विलब्रँड प्रथिन तुटतं, आणि आतड्यातल्या नाजूक वाहिन्या झिरपत राहतात. झडप बदलली की पुष्कळांचा रक्तस्राव थांबतो. पोटाचा इलाज छातीत! वयस्कर माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावला पाहिजे, तो यासाठी.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे महाधमनी आणि आतडं यांत पडलेलं भोक, बहुधा महाधमनीच्या जुन्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या कृत्रिम नळीपाशी. आधी थोडंसं रक्त जातं, मग काही तासांनी किंवा दिवसांनी पूर. त्या मधल्या वेळातच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) आणि शस्त्रक्रिया किंवा स्टेंट व्हायला हवं. म्हणून अशा रुग्णाच्या नातेवाइकांना पहिल्याच भेटीत विचारावं: पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालंय का? जुनी फाइल घरी राहिली असेल तर फोनवर फोटो मागवावा.