जुनं स्क्रोल सॉ मशीन घेताय? आधी तुमच्या घराची पाटी कापून बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही जुनी मशीनं विकतो. आमच्या वर्कशॉपमध्ये नवा छंदी माणूस आला की पहिलं विचारतो, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "कापणार काय?" त्याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथंच होते.

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्याची, वर-खाली चालणारी करवत. पातं पाच इंचाचं आणि ते जागेवरच राहतं. फिरवायचं ते लाकूड. लाकडाला भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, वर-खाली अडकवायचं आणि आतली नक्षी बाहेरची कड न तोडता काढायची. देवघराची जाळी, गणपतीचं मखर, दारावरची पाटी, सगळं काम या ओवण्यावर चालतं.

म्हणूनच जुनं मशीन बघताना आम्ही सगळ्यात आधी पातं कसं धरलंय ते बघतो. काही स्वस्त मशीनमध्ये फक्त पिनचं पातं बसतं, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असलेलं. ती पिन जायला चार-पाच मिलिमीटरचं भोक लागतं. जाळीतली पाकळीच तेवढी असेल तर पातं ओवणार कुठून? साध्या, बिनपिनच्या पात्याला एक-दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. फक्त पिनचं पातं घेणारं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी जाळीकामासाठी घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. खेळणी आणि मोठे आकार कापायला ते चालेल.

आता पाटीविषयी. देवनागरी अक्षरं या कामाला फार सोयीची आहेत, कारण शिरोरेषा सगळा शब्द एकत्र धरून ठेवते. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, आपला शब्द अखंड निघतो. पण 'अंबाई' कापलंत तर अनुस्वाराचा ठिपका सुटा होणार. तो वेगळा कापून खालच्या फळीवर चिकटवा, नाहीतर कागदावरच त्याला शिरोरेषेशी बारीक दांडीनं जोडून घ्या. 'व', 'ब'च्या पोटातला भाग आधी काढायचा, बाहेरची रेघ शेवटी. उलट केलंत तर हातात धरायला लाकूडच उरत नाही.

मशीन बघायला जाताना खिशात काटकोन तपासायचा गुण्या, एक जाड लाकडाचा तुकडा आणि जमलं तर पाच रुपयांचं जुनं जाड नाणं ठेवा. पहिल्यांदा मशीन बंद असताना वरचा आर्म, म्हणजे पात्याचं वरचं टोक धरणारा दांडा, हातानं डावी-उजवीकडे हलवा. ढिला लागला तर आतला बुश (आर्म ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा बेअरिंग झिजलंय. मग पातं ताणून बोटानं छेडा. नीट ताण बसला की स्वच्छ 'टण्' आवाज येतो, आणि थोडा वेळ चालवल्यावरही तो तसाच राहिला पाहिजे. सुरू करून नाणं टेबलावर उभं ठेवा. सगळ्या वेगांवर उभं राहिलं तर उत्तमच. एखाद्या वेगावर पडलं म्हणून मशीन वाईट ठरत नाही, आधी ते बाकाला बोल्टनं घट्ट बसवलंय का ते बघा. शेवटी जाड तुकड्याला पुढून छोटी खाच पाडा आणि तुकडा पात्याच्या मागे नेऊन तीच खाच मागून पात्यावर सरकवा. सहज सरकली तर टेबल पात्याशी काटकोनात आहे.

कापताना रेघ एका बाजूला पळते, अशी तक्रार हमखास येते. तो मशीनचा दोष नव्हे. पात्याच्या एका अंगाला बनवतानाच बारीक कोर राहते आणि पातं त्या बाजूला जास्त कापतं. लाकूड जरासं तिरकं धरून सरकवा, दोन-चार दिवसांत हाताला सवय होते.

दोष सापडला म्हणून लगेच पाठ फिरवू नका. कोल्हापुरात राहण्याचा हाच तर फायदा: बुश लेथवर करून मिळतो, बेअरिंग मिळतं, मोटर रिवाइंड होते. मात्र बिडाचा आर्म तडकलेला असेल किंवा वेग कमी-जास्त करणारं कार्ड गेलं असेल आणि त्याचा जोड मिळत नसेल, तर सोडून द्या.

परदेशातून आलेलं मशीन असेल तर मोटरवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. आमच्याच हातून हे एकदा घडलंय. १२० व्होल्टचं मशीन घाईत २३० व्होल्टला जोडलं आणि क्षणात धूर निघाला. अशा मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, पण आपल्या विजेचे ५० हर्ट्झ तिकडच्यासारखे ६० करत नाही. साधी इंडक्शन मोटर असेल तर ती इथं हळू चालते आणि जास्त तापते.

सरावाला शिवण किंवा आंबा घ्या. सागवान दिसायला सुरेख, पण त्यात सिलिका असते आणि पाती पटापट बोथट होतात. सहा मिलिमीटरच्या फळीला २ किंवा ३ नंबरचं पातं, अठराला ५ किंवा ७. दात खाली तोंड करून लावायचे. नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली की लाकूड जळून काळं पडत नाही. पातं बोथट झालं की जोर लावू नका, बदला. ते झिजणारंच असतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापताना मास्क लावाच, तो भुसा फार बारीक असतो.

पावसाळ्यात बिडाच्या टेबलाला एका रात्रीत गंज चढतो. जूनच्या आधी मेण घासून ठेवा.

मशीन दुसरीकडून घेत असलात तरी सौदा करण्याआधी आम्हाला दाखवा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. आमच्याकडचं घेणार असाल तर येताना घराचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणा. लाकूड आम्ही देतो. पाटी तुमच्या हातानं कापा, मग किमतीचं बोलू.