कमाल वेग आणि प्रत्यक्ष वेग: समांतर संगणक व वर्कस्टेशन

अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावणाऱ्या समांतर संगणकाच्या माहितीपत्रकात छापलेला वेग आणि आपला प्रोग्राम त्यावर प्रत्यक्ष ज्या वेगाने चालतो तो वेग, यांची गल्लत फार वेळा होते. सर्व प्रोसेसर क्षणभरही न थांबता आकडेमोड करत राहिले तर किती काम होईल, एवढेच पहिला आकडा सांगतो. वर्कस्टेशनशी, म्हणजे एकट्याने वापरायच्या ताकदवान संगणकाशी, तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याने.

संगणक-रचनाकार जीन अ‍ॅम्डाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार प्रोग्राममधील 5 टक्के काम एकामागून एक असेच करावे लागत असेल, तर 64 प्रोसेसर लावूनही वेग सुमारे 15 पटच वाढतो आणि प्रोसेसर कितीही वाढवले तरी तो 20 पटींपुढे जात नाही. प्रोसेसरांनी एकमेकांना माहिती पाठवण्यात जाणारा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही.

गोव्यातील मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांतील भरती-ओहोटीचे गणित घ्या. नदीचे लांबीच्या दिशेने काहीशे भाग पाडले, तर 64 प्रोसेसरांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच भाग येतात. मग काळाच्या दर टप्प्याला सीमेवरील पाण्याची उंची शेजारच्या प्रोसेसरला कळवण्यात आणि त्याच्याकडील उंची येईपर्यंत थांबण्यातच आकडेमोडीपेक्षा जास्त वेळ जातो. वर्कस्टेशनवर हे सारे आकडे एकाच प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या लगतच्या छोट्या पण अतिवेगवान मेमरीत, मावतात. अशा कामाला वर्कस्टेशनच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

अरबी समुद्राच्या त्रिमितीय प्रारूपात (गणिती मॉडेलमध्ये) चित्र उलटते. तेथे प्रत्येक प्रोसेसरकडे समुद्राचा एवढा मोठा तुकडा असतो, की त्याच्या आतील गणितापुढे कडेच्या देवाणघेवाणीचा वेळ किरकोळ ठरतो. शिवाय एवढी माहिती एका वर्कस्टेशनच्या मेमरीत मावेलच असे नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन गुस्टाफसन यांनी 1988 मध्ये हाच मुद्दा पुढे आणला: प्रोसेसर वाढतात तसा प्रश्नाचा आकारही वाढवला, तर 1024 प्रोसेसरांकडून हजारपटीच्या आसपास काम करून घेता येते.

आणखी एक फसगत 'इतक्या पटींनी वेगवान' या दाव्यात असते, कारण कशाच्या तुलनेत हे तेथे सांगितलेले नसते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 1991 मध्ये उभारलेला परम 8000 हा समांतर संगणक भारतीय संगणनातील अभिमानास्पद टप्पा आहे. पण त्यातील एकटा ट्रान्सप्युटर (त्यात वापरलेला प्रोसेसर) त्या काळच्या चांगल्या वर्कस्टेशनच्या प्रोसेसरपेक्षा बराच संथ होता. त्यामुळे एका ट्रान्सप्युटरच्या 40 पट वेग म्हणजे वर्कस्टेशनच्या 40 पट वेग नव्हे. तुलनेसाठी वर्कस्टेशनवर त्या कामाचा एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला उत्तमात उत्तम प्रोग्राम चालवावा आणि दोन्हीकडे फाइल वाचण्या-लिहिण्यासकट लागलेला एकूण वेळ घड्याळाने मोजावा.

एकच प्रारूप वाऱ्याच्या शंभर वेगवेगळ्या स्थितींसाठी चालवायचे असेल, तर मात्र प्रोसेसरांना एकमेकांशी बोलावेच लागत नाही. तेथे प्रोसेसरांमधील महागड्या जोडणीच्या समांतर संगणकाऐवजी साध्या वर्कस्टेशनांचा संचही तितकाच उपयोगी पडतो.