संकल्पनांचे भौतिकशास्त्र आणि सोपे केलेले भौतिकशास्त्र

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या मराठवाड्यातील पालकांकडून एक मागणी वारंवार ऐकू येते. मूल चौदा-पंधरा वर्षांचे झालेले असते, विज्ञानाचे नाव काढले की ते उठून जाते, आणि आईवडील विचारतात की गणित कमी असलेला, सोपा असा भौतिकशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम आहे का. या मागणीत दोन निराळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत. गणित कमी असलेला अभ्यासक्रम ही एक वस्तू आहे आणि सोपा केलेला अभ्यासक्रम ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: पानोपानी चित्रे, मोठा टाइप, थोडी सूत्रे आणि छोटे धडे. त्यामुळे पालक एकाच्या ऐवजी दुसरा घेऊन येतात, वर्षभर तो रेटतात आणि शेवटी आमच्या मुलाला विज्ञान जमतच नाही असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष मुलावर अन्याय करणारा आहे, म्हणून हा फरक एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

सोपे केलेले भौतिकशास्त्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. आपण सारे गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लासच्या नोट्स वाचूनच परीक्षा दिल्या. व्याख्या, सूत्र, एकक, एक सोडवलेले उदाहरण, त्याच धर्तीची चार न सोडवलेली उदाहरणे आणि शेवटी रिकाम्या जागा, असा तो साचा असतो. परीक्षा महिन्यावर आली असेल तर त्याचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. त्याविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

संकल्पनांवर आधारलेला अभ्यासक्रम मात्र अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. या अभ्यासक्रमातही आकडेमोड कमी असते, परंतु विचार कमी नसतो. किंबहुना आकडेमोडीला लागणारा वेळ आणि दमणूक वाचवून ती सगळी शक्ती एका कामावर लावलेली असते: काय घडेल याचा अंदाज करणे, तो का केला हे सांगणे, आणि अंदाज चुकल्यास आपल्या समजुतीत नेमके काय चुकले हे शोधणे. सोपे केलेले पुस्तक उत्तर ठेवते आणि कारण काढून टाकते. संकल्पनांचे पुस्तक कारण ठेवते आणि लांबलचक गणन काढून टाकते. दोघांनी पाने वाचवली आहेत, पण वगळलेली गोष्ट अगदी उलट आहे.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. विजेच्या धड्यात ओहमचा नियम येतो: विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. सोप्या पुस्तकांत याच्या शेजारी एक त्रिकोण काढलेला असतो. वरच्या कोनात विभवांतर, खाली धारा आणि रोध, आणि जे काढायचे त्यावर बोट ठेवून उरलेल्यांचा गुणाकार किंवा भागाकार करायचा. हा त्रिकोण मला मनापासून खटकतो. विद्यार्थी दोन मिनिटांत उत्तर काढायला शिकतो, परंतु हे समीकरण कोणत्या परिस्थितीत लागू पडते आणि कोणत्या परिस्थितीत पडत नाही हा प्रश्न त्याच्या मनात कधी येत नाही.

आता मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतावर राहणाऱ्या मुलाने पाहिलेली गोष्ट घ्या. व्होल्टेज उतरले की घरातला पिवळा बल्ब मंद होतो, आणि त्याच वेळी विहिरीवरची पाच एचपीची मोटार तापते, कधी जळते, मग ती काढून रिवाइंडिंगला न्यावी लागते. त्रिकोणावर बोट ठेवून पाहिले तर विभवांतर कमी झाल्यास धारा कमी व्हायला हवी, म्हणजे मोटार उलट थंड राहायला हवी. बल्बने नियम पाळला आणि मोटारीने तो मोडला, असे का? ज्या मुलाला विज्ञानाचा कंटाळा आहे असे आपण म्हणतो, त्यानेही मोटार जळल्यावर घरात होणारी धावपळ आणि खर्चाची चर्चा ऐकलेली असते. हा प्रश्न त्याला परका वाटत नाही.

उत्तराला मोठे गणित लागत नाही. विहिरीतले पाणी तितकेच खोल आहे आणि ते तितकेच वर चढवायचे आहे, तेव्हा मोटारीला दर सेकंदाला जवळजवळ तितकीच ऊर्जा हवी. ही ऊर्जा विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. एक उतरले तर दुसरे चढायलाच हवे. मोटारीच्या आत काय होते, तर व्होल्टेज उतरल्यावर तिची गती किंचित मंदावते आणि फिरत्या भागातून व गुंडाळीतून जास्त धारा वाहू लागते. बल्बवर असे कोणतेही ठरलेले काम ओढण्याची सक्ती नाही, म्हणून तो मंद होऊन मोकळा होतो. पुढचे पाऊल गुणोत्तराचे आहे. चारशे व्होल्टचे तीनशे झाले तर धारा ढोबळ मानाने चार तृतीयांश पट होते, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सोळा नवमांश, म्हणजे सुमारे पावणेदोन पट होते. गुंडाळीवरचे आवरण यामुळे जळते.

या उत्तरात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आला, शक्तीचे सूत्र आले, वर्गाचे प्रमाण आले आणि ओहमच्या नियमाची मर्यादाही आली. कॅल्क्युलेटर लागला नाही, पण हे सोपे मुळीच नव्हते. संकल्पनांचा अभ्यासक्रम असा असतो. त्यात गणित नसते असे म्हणणेही चूक आहे. गुणोत्तर, आलेख आणि दिशा यांचे गणित त्यात भरपूर असते. मोटारसायकलचा वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर केला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, हे समजणे आणि कारणासह सांगता येणे हे भौतिकशास्त्राचे गणित आहे. सोपे पुस्तक याच ठिकाणी गतिज ऊर्जेचे सूत्र देऊन वस्तुमान आणि वेग यांच्या किमती घालायला सांगते. मूल किमती घालते, ज्यूलमध्ये उत्तर लिहिते आणि जालना रस्त्यावर आपण किती अंतर राखावे याच्याशी त्या उत्तराचा काही संबंध आहे असे त्याला वाटतही नाही.

हा घोळ एकाच बाजूने होत नाही. काही पालक स्वतः अभियंते किंवा शिक्षक असतात. ते संकल्पनांचे पुस्तक उघडतात, त्यात न्यूमेरिकल्स दिसत नाहीत, आणि हा पोरखेळ आहे असे म्हणून ते बाजूला ठेवतात. त्यांच्यासाठी एक जुना, प्रसिद्ध अनुभव सांगतो. १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली, जिच्यात आकडेमोड जवळजवळ नव्हती. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची, की मला स्वतःला जसे वाटते त्याप्रमाणे. अवघड उदाहरणे बरोबर सोडवणारे विद्यार्थी साध्या भाषेतल्या प्रश्नांवर अडखळले होते. मझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धत बदलली. उदाहरण सुटणे आणि गोष्ट समजणे यांतले अंतर तिथेही होते आणि आपल्याकडेही आहे. वर फेकलेला दगड सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, असे बारावी उत्तीर्ण झालेल्या कोणालाही विचारून पाहावे. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असे उत्तर देणारे त्यांत निश्चित भेटतात, आणि याच दगडाची कमाल उंची त्यांनी परीक्षेत बिनचूक काढलेली असते.

विज्ञान न आवडणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. त्याला नेमके काय आवडत नाही हे क्वचितच कोणी विचारते. कोणी आकडेमोडीला घाबरलेले असते, तर कोणी व्याख्या पाठ करून कंटाळलेले असते. पहिल्याला संकल्पनांचा अभ्यासक्रम उपयोगी पडतोच. पण दुसऱ्या मुलाच्या हाती सोपे केलेले पुस्तक दिले, तर ज्या गोष्टीचा त्याला कंटाळा आला होता तीच गोष्ट आपण अधिक मोठ्या टाइपात त्याच्यासमोर ठेवतो. माझ्या पाहण्यात अशी मुले भीतीने दूर गेलेल्या मुलांपेक्षा जास्त आहेत, आणि ती बहुधा हुशार असतात. कारण न सांगता मान्य करायला लावलेली गोष्ट त्यांना पचत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे जाता जाता अंतरेच किंचित ताणणाऱ्या व आकसणाऱ्या अवकाशातल्या लहरी, टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. सोपे पुस्तक हे एका चौकटीत सामान्यज्ञान म्हणून छापेल आणि खाली वेधशाळेचा जिल्हा विचारेल. संकल्पनांचा अभ्यासक्रम मात्र दोन दगडांनी हौदातल्या पाण्यात उठवलेल्या लाटांपासून सुरुवात करील, दोन लाटा कुठे एकमेकींना वाढवतात आणि कुठे पुसून टाकतात हे मुलाला स्वतः पाहायला लावील, आणि मग विचारील की चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमधून प्रकाश पाठवून परत आणला, तर एका भुजेच्या लांबीत झालेला अगदी सूक्ष्म बदल कसा ओळखता येईल. तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो हे कळल्यावर दहावीच्या वयाचे मूल गप्प बसत नाही, प्रश्न विचारते.

आता निवड कशी करायची? प्रस्तावना वाचू नये, कारण आम्ही संकल्पना स्पष्ट करतो हे वाक्य दोन्ही प्रकारच्या पुस्तकांवर छापलेले असते. विजेच्या किंवा बलाच्या धड्याचा स्वाध्याय थेट उघडावा आणि प्रत्येक प्रश्नासमोर पाहावे की याचे उत्तर धड्यातले एखादे वाक्य उचलून लिहिता येते का. बहुतेक प्रश्नांना येत असेल तर तो अभ्यासक्रम सोपा केलेला आहे, मग त्यावर काहीही लिहिलेले असो. दुसरी खूण शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत सापडते. चांगल्या संकल्पनात्मक अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मुले कोणते चुकीचे उत्तर देतील, ते का देतील आणि त्यावर पुढे काय विचारावे हे लिहिलेले असते. सोप्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत फक्त उत्तरसूची असते. घरी शिकवणाऱ्या आईला भौतिकशास्त्र येत नसेल, तर तिने या दुसऱ्या खुणेला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे असे मी आग्रहाने सांगतो.

ज्यावर पालक खूप वेळ घालवतात ते बाकीचे फरक गौण आहेत. छापील पुस्तक की व्हिडिओ, हे मुलाच्या सवयीप्रमाणे ठरवावे. माध्यम तेच घ्यावे ज्या भाषेत मूल घरात वाद घालते, आणि संज्ञा मात्र मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकाव्यात. प्रयोगांची महागडी पेटी घेऊ नये. मल्टिमीटर, चुंबक, भिंग, तांब्याची तार आणि तराजू एवढ्यावर बरेच काम होते. आठवीपासूनच प्रवेशपरीक्षांची तयारी सुरू करणाऱ्या क्लासच्या फाउंडेशन बॅचला मात्र या मुलांसाठी माझा स्पष्ट विरोध आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० पैकी ४५ प्रश्न भौतिकशास्त्राचे असतात आणि ज्याने तो मार्ग निवडला आहे त्याला लातूरची कसून सराव करून घेण्याची पद्धत शिस्त लावते. पण ज्या मुलाने अजून विषयाशी दोस्तीही केलेली नाही, त्याला तिथे बसवल्याने त्याची नावड पक्की होते.

प्रमाणपत्राचा प्रश्न यापासून वेगळा ठेवावा. संकल्पनांचा अभ्यासक्रम पूर्ण करून बारावीची भौतिकशास्त्राची परीक्षा थेट देता येणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. तिला त्रिकोणमिती, सदिश आणि उदाहरणांचा भरपूर सराव लागतो, आणि त्यासाठी वेगळे वर्ष राखून ठेवणे योग्य. घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा देतात. तिथे दहावीला किमान एका भाषेसह पाच विषय निवडायचे असतात आणि त्यांत विज्ञान असलेच पाहिजे अशी अट नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राचा विषय क्रमांक ३१२ आहे. त्यात लेखी परीक्षेला ८० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. प्रवेश पाच वर्षे ग्राह्य राहतो, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एका वेळी एक-दोन विषय देऊन गुण जमा करता येतात. त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या वर्षी परीक्षेच्या भीतीने सोपे पुस्तक हाती देण्याचे काही कारण उरत नाही: दहावीला इतर पाच विषय घ्यावेत, त्या काळात संकल्पनांचा अभ्यासक्रम परीक्षेविना चालू ठेवावा, आणि बारावीला ३१२ घ्यायचा की नाही हे मुलालाच ठरवू द्यावे. घ्यायचा ठरला, तर तो पहिल्या परीक्षेत देण्याचा आग्रह न धरता सर्वांत शेवटी ठेवावा.