डेटा सेंटरसाठी हरित ओपन ॲक्सेस: पात्रता, कागदपत्रे आणि कॅप्टिव्हचा हिशोब

ऐरोली, महापे किंवा चांदिवलीतल्या डेटा सेंटरला सौर-पवन वीज वितरण कंपनीऐवजी थेट प्रकल्पाकडून, म्हणजे हरित ओपन ॲक्सेसने, घ्यायची असेल, तर ऑनलाइन अर्ज भरणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. घोळ होतो तो त्याआधी आणि त्यानंतर: वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, दरवर्ग कोणता लागला आहे आणि वर्षाअखेरीस कॅप्टिव्हचा, म्हणजे आपला भागवाटा असलेल्या प्रकल्पातून घेतलेल्या विजेचा, हिशोब जुळतो का.

पात्रता

केंद्र सरकारच्या ६ जून २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनुसार करार मागणी किंवा मंजूर भार १०० किलोवॅट वा त्याहून अधिक असावा लागतो. कॅप्टिव्ह ग्राहकाला तीही अट नाही. डेटा सेंटरचा भार मेगावॅटमध्ये मोजला जातो, त्यामुळे इथे कोणी अडत नाही.

आधी पाहायचे ते आपण नेमके कोणाचे ग्राहक आहोत हे. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरण आहे, उपनगरात अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर. पण ऐरोलीतल्या माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रांत) विकासकच अभिमत वितरण परवानाधारक आहेत, म्हणजे कायद्याने त्यांनाच वितरण कंपनी मानले जाते. परवानाधारक बदलला की वहन आकार (त्याच्या जाळ्यातून वीज आणण्याचे शुल्क) आणि अधिभारही बदलतात. शेजारच्या प्लॉटचा हिशोब आपल्याला लावून दर काढू नका.

दरवर्ग आणि वीज शुल्क

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशांत आयटी आणि आयटी-आधारित सेवांना औद्योगिक दर मिळतो, मात्र राज्याच्या आयटी धोरणाखालचे नोंदणी प्रमाणपत्र हातात असेल तरच. ते नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर वाणिज्यिक दर लागू होतो. फरक केवळ युनिटच्या दरात पडत नाही. वीज शुल्क उद्योगाला ७.५ टक्के आहे, वाणिज्यिक ग्राहकाला २१ टक्के. शिवाय २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरना शुल्कमाफीची तरतूद आहे. म्हणून प्रमाणपत्राचे काम ओपन ॲक्सेसच्या आधी उरका. क्रॉस सबसिडी अधिभारही (इतर ग्राहकांना स्वस्त वीज देण्याचा भार भरून काढणारा आकार) दरवर्गानुसारच ठरतो, आणि दरवर्ग चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते.

प्रमाणपत्रावरचे नाव, वीजबिलावरचे नाव आणि कॅप्टिव्ह प्रकल्पातल्या भागधारकाचे नाव एकच हवे. डेटा सेंटरच्या व्यवसायात जमीन एका कंपनीकडे, इमारत दुसरीकडे आणि चालवणारी तिसरीच, असे सर्रास असते. कॅप्टिव्ह वापर साधारणपणे जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा धरला जातो. समूहातल्या दुसऱ्या कंपनीने घेतलेले भाग तिथे उपयोगी पडतीलच असे धरू नका; चालू नियम पाहा.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज ग्रिड इंडियाच्या (देशाची वीज ग्रिड चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) हरित ओपन ॲक्सेस पोर्टलवर करायचा. तिथून तो राज्यातल्या नोडल यंत्रणेकडे जातो: अल्पमुदतीसाठी राज्य भार प्रेषण केंद्र, मध्यम आणि दीर्घ मुदतीसाठी राज्य पारेषण यंत्रणा. निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा. तसे न झाल्यास, तांत्रिक अटींच्या अधीन राहून, मंजुरी मिळाली असे मानले जाते. मात्र अर्ज अपुरा असेल तर या मुदतीचा आधार घेता येत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे: करार मागणी दाखवणारे ताजे वीजबिल, थकबाकी नसल्याचा पुरावा, वीज खरेदी करार, संचालक मंडळाचा ठराव, एकरेषीय आराखडा आणि मीटर चाचणी अहवाल. मीटर १५ मिनिटांच्या प्रत्येक कालखंडाची नोंद ठेवणारे असावे लागते, प्रकल्पाच्या टोकालाही आणि तुमच्या टोकालाही. कॅप्टिव्हसाठी यात सनदी लेखापालाचे भागधारणा प्रमाणपत्र आणि भागधारक नोंदवहीचा उतारा जोडा.

कॅप्टिव्हचा हिशोब

कॅप्टिव्ह ग्राहकाला क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अतिरिक्त अधिभारही (वितरण कंपनीचा अडकून पडलेला खर्च भरून काढणारा) लागत नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून सगळे या मार्गाकडे वळतात. त्यासाठी मतदानाचा हक्क असलेल्या भागभांडवलात किमान २६ टक्के वाटा आणि वर्षभराच्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वापर लागतो. प्राधान्य भाग यात धरत नाहीत. एकापेक्षा जास्त ग्राहक असतील, तर प्रत्येकाचा वापर त्याच्या वाट्याच्या प्रमाणात हवा, १० टक्क्यांची सूट धरून. केवळ प्रकल्पासाठी काढलेल्या विशेष उद्देश कंपनीलाही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले.

आकड्यांत पाहू. प्रकल्पाची निर्मिती ४ कोटी युनिट, सगळ्या कॅप्टिव्ह ग्राहकांचा मिळून वाटा २६ टक्के आणि त्यात तुमचा १३ टक्के. मग ५१ टक्क्यांचा निम्मा भाग, म्हणजे १ कोटी २ लाख युनिट, तुम्ही वापरले पाहिजेत. सूट धरली तरी ९१.८ लाखांखाली जाता येत नाही.

डेटा सेंटर नेमके इथेच फसते. भाग घेतले जातात पूर्ण भाराच्या हिशोबाने, आणि हॉल मात्र एकेक भाडेकरू येईल तसा भरतो. पहिल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष वापर मंजूर भाराच्या बराच खाली असतो. निकष वर्षाअखेर मोडला, तर त्या वर्षीचा पुरवठा कॅप्टिव्ह राहत नाही आणि अधिभार मागील तारखेपासून भरावा लागतो. म्हणून भागधारणा टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद करारातच ठेवा, आणि वापराचा ताळा डिसेंबरमध्येच घ्या. मार्चअखेर सुधारायला वेळ उरत नाही.

सौर किती घ्यावी

सतत १० मेगावॅट ओढणाऱ्या केंद्राला वर्षाला ८.७६ कोटी युनिट लागतात. १० मेगावॅटचा सौर प्रकल्प देतो सुमारे पावणेदोन ते दोन कोटी, आणि तेही फक्त दिवसा. केंद्रीय नियमांनुसार बँकिंगची (जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा करून नंतर परत घेण्याची) मुभा वितरण कंपनीकडून महिन्याला घेतलेल्या विजेच्या किमान ३० टक्क्यांइतकी आहे. रात्रीसाठी पवन किंवा साठवणूक जोडल्याशिवाय आकडे जुळत नाहीत. दिवसा बँकिंगमध्ये जमा केलेली वीज संध्याकाळच्या महाग कालखंडात परत मिळेलच असे धरू नका. चालू दर आदेशातल्या अटी पाहूनच करार करा.

वेळापत्रकात एकदा दिलेले प्रमाण जास्तीत जास्त १२ कालखंड, म्हणजे तीन तास, न बदलण्याची अट घातली जाऊ शकते. प्रकल्प बंद राहणार असेल तर वितरण कंपनीला आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवसाच्या विजेचा बाजार (डे-अहेड मार्केट) बंद होण्याआधी कळवा, म्हणजे स्टँडबाय आकार (ऐनवेळी वितरण कंपनीकडून घेतलेल्या विजेचा जादा आकार) लागत नाही.