कपाळफोडी

कपाळफोडी, म्हणजेच कानफुटी, ही पावसाळ्यात उगवून आधार मिळेल त्यावर चढणारी वर्षायू रानवेल आहे. शास्त्रीय नाव कार्डिओस्पर्मम हॅलिकॅकॅबम. कुळ रिठा आणि लिचीचे. सातारा-सांगलीत ती बांधावर, काटेरी कुंपणावर आणि ओढ्याकाठच्या झुडपांवर पसरते. कासच्या पठारावरच्या फुलांचे होते तसे कौतुक हिच्या वाट्याला येत नाही, कारण हिचे पांढरे फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे असते. हिची खरी शोभा फळात आहे.

फळ म्हणजे फिकट हिरवा, कागदासारख्या पातळ सालीचा, तीन कडांचा फुगा. पोरे तो चिमटीत धरून कपाळावर आपटतात आणि फट्‌ असा आवाज होतो. नाव त्यावरूनच पडले. फुग्यात तीन कप्पे असतात आणि प्रत्येकात एकच बी. पिकलेले बी मिऱ्यासारखे काळे, गोल, आणि त्यावर पांढरा बदामाचा ठिपका, पत्त्यांतल्या बदामासारखा रेखीव. ग्रीक भाषेत ‘कार्डिया’ म्हणजे हृदय आणि ‘स्पर्मा’ म्हणजे बी. लिनियसने 1753 मध्ये हे नाव नोंदवले. एकदा हे बी तळहातावर घेतले की वेल ओळखण्यात पुन्हा चूक होत नाही.

फळे येण्याआधी मात्र नीट पाहावे लागते. खोड बारीक आणि उभ्या कंगोऱ्यांचे असते. पान तीन भागांचे, त्यातला प्रत्येक भाग पुन्हा त्रिदली, कडा दातेरी. सर्वांत भरवशाची खूण तणाव्यांची, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या तंतूंची: लांब देठावर फुलांचा छोटा झुबका येतो आणि त्याच्या बुडाशी दोन तणावे समोरासमोर वळलेले असतात. फुलाला पाकळ्या चार, पुंकेसर आठ. फुग्यामुळे अनेकांना ही चिरबोटी वाटते. पण चिरबोटीचे झुडूप असते, त्याला तणावे नसतात, आणि तिच्या फुग्यात, जो खरे तर वाढलेला निदलपुंज (फुलाबाहेरचे हिरवे आवरण) असतो, खाण्याजोगे गोल फळ असते. वनौषधींच्या काही पुस्तकांत ‘ज्योतिष्मती’ हे नाव हिलाही दिले आहे आणि मालकांगोणीलाही. मालकांगोणी ही मोठी, लाकडी खोडाची वेल. दोघींचा काही संबंध नाही.

बागेत लावायची तर मृगाचा पाऊस पडून गेल्यावर लावावी. बियांचे कवच टणक असते, त्यामुळे तसेच टाकलेले बी कित्येक दिवस मातीत पडून राहते. दगडावर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवले तर उगवण पुष्कळ सुधारते. पेराभर खोल पेरावे, दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. जत, आटपाडी, माण या कोरड्या तालुक्यांत पावसाने ओढ दिली तर पाणी द्यावे लागते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात उलट पाणी साचण्याची काळजी घ्यावी. ऊन भरपूर हवे. शेणखत जास्त झाले की पालाच माजतो. वेल दोन-तीन मीटर जाते. तुराट्यांची ताटी किंवा सुतळीची जाळी तिला पुरते. नाजूक रोपांशेजारी मात्र लावू नये, ती त्यांना झाकून टाकते.

कोवळ्या पानांची भाजी करतात. पाला बारीक चिरून, लसूण आणि भिजवलेली मूगडाळ घालून परततात. तमिळनाडूत तोच पाला डोशाच्या पिठात वाटून घालतात. संस्कृतमध्ये ‘कर्णस्फोटा’ असे नाव आहे आणि कानदुखीवर पानांचा रस घालण्याची जुनी चाल आहे. ती पाळू नये. कानाचा पडदा फाटलेला असेल तर त्यातून मोठे नुकसान होऊ शकते.

फळे ऑक्टोबरपर्यंत वाळून भुरकट होतात, वाऱ्याने गडगडत जातात, पाण्यावर तरंगत दूर पोचतात. सोयाबीनच्या शेजारी वेल असेल तर फळे वाळण्यापूर्वीच तोडावीत: बी सोयाबीनपेक्षा थोडेच लहान असल्याने मळणीनंतर चाळून वेगळे करणे जड जाते, आणि ते पुढच्या वर्षी पेरणीतूनच शेतात परत येते. बियाण्यासाठी ठेवायची फळे भुरकट होताच, फुटण्याआधी काढून सावलीत वाळवावीत. ज्या बियांवर बदाम स्पष्ट पांढरा उमटला आहे तीच ठेवावीत. हिरवट राहिलेली कच्ची असतात.