हिमबिबट्या की लांडगा? बर्फातला माग ओळखताना

फेब्रुवारीत हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावात रात्री पारा उणे २०च्याही खाली उतरतो. सकाळी गावाबाहेरच्या उतारावर ताज्या बर्फात एक माग उमटलेला दिसतो: चार बोटं, मागे गादी, लांबी नऊ-दहा सेंटिमीटर. फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत ट्रेकच्या ग्रुपवर 'हिमबिबट्याचा पंजा' म्हणून फिरायलाही लागतात. त्यातले बरेच लांडग्याचे निघतात आणि त्याहून जास्त गावातल्याच कुत्र्यांचे.

गोंधळ होणं साहजिक आहे. हिमबिबट्या साधारण ३५ ते ५० किलोंचा आणि इथला लांडगाही पस्तीसच्या आसपास. दोघांच्या ठशांची लांबी जवळपास सारखी. दोघंही भरल नावाच्या रानमेंढीच्या मागावर असतात आणि अनेकदा एकाच रात्री एकाच नाल्यातून जातात. त्यात हिमबिबटे मुळातच थोडे. जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी मोजणीत भारतात ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज आला. त्यातले ४७७ लडाखात, तर अख्ख्या हिमाचलात ५१. गावाजवळ ठसा दिसला तर पहिला संशय कुत्र्यावरच घ्यायचा, तो याचसाठी.

सह्याद्रीत बिबट्याचे ठसे बघितलेल्या माणसाच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो: नखं दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर बिबट्या. पावसाळ्यानंतरच्या ओलसर मातीत तो बऱ्यापैकी चालतो. बर्फात मात्र तो दोन्ही बाजूंनी फसवतो. नखाचा ठसा म्हणजे बर्फात टाचणी टोचल्यासारखं बारीक छिद्र. ऊन चढलं की सगळ्यात आधी तेच बुजतं आणि दुपारी लांडग्याचा ठसा बिननखांचा होतो. उलट बाजूनं, कडक गोठलेल्या तिरक्या उतारावर पाय घसरू नये म्हणून हिमबिबट्याही नखं बाहेर काढतो. म्हणून बर्फात नखं सगळ्यात शेवटी बघायची. आधी चाल, मग गादी, मग बोटं आणि राहिलंच तर नखं.

चाल बघायची तर पहिल्या ठशापाशी थांबू नका आणि मागावर पायही देऊ नका. दोन-तीन फूट बाजूनं चालत दोन्ही दिशांना वीस-पंचवीस पावलांचा माग नजरेखालून घाला. लांडगा लांबचा पल्ला दुडक्या चालीनं मारतो. मागचा पाय पुढच्याच्या ठशात बरोबर पडतो, त्यामुळे चार पायांचा प्राणी दोन पायांवर गेल्यासारखा दिसतो. एका ठशापासून पुढच्यापर्यंत साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर आणि सगळे ठसे जवळजवळ एका रेषेत. हिमबिबट्या बहुतेक वेळ चालतो, पळत नाही. पाऊल अर्ध्या मीटरच्या आसपास, डावे-उजवे ठसे थोडे फाकलेले. मागचा पाय कधी पुढच्याच्या ठशावर पडतो, कधी जरासा पुढे.

सोबत पाच-सहा मीटर सुतळी असेल तर हे डोळ्यांनी ठरवावं लागत नाही. मागाच्या मधोमध सुतळी ताणून धरा. लांडग्याचे डावे-उजवे दोन्ही ठसे सुतळीला शिवतात. हिमबिबट्याचे अलीकडे-पलीकडे राहतात आणि मध्ये मोकळी पट्टी दिसते. सपाट जागा निवडा, कारण चढावर लांडग्याचीही चाल फाकते.

लांडग्याच्या मागात अजून एक गंमत असते. टोळी भुसभुशीत बर्फातून जाताना एकामागोमाग एक, पुढच्याच्या ठशात पाय टाकत जाते. एकट्याचा वाटणारा माग पुढे मोठा धोंडा आला की फुटतो, कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून, आणि तिथे कळतं की हे तीन-चार जण होते. म्हणून मोजणी धोंड्यापाशी किंवा वळणावर करायची. हिमबिबट्या सहसा एकटा. दोन-तीन माग बरोबर चालले असतील आणि त्यातले काही लहान असतील, तर ती पिल्लांसोबतची मादी. पिल्लं दीड-पावणेदोन वर्षं आईबरोबर राहतात. जानेवारी ते मार्च हा जोडी जमण्याचा काळ, तेव्हा दोन मोठे मागही शेजारी दिसू शकतात.

आता एकच ठसा जवळून बघू. बर्फाचा थर पातळ हवा. खाली कडक जमीन आणि वर चाळणीनं रांगोळी पसरल्यासारखा एक-दोन सेंटिमीटरचा थर असेल, तर गादीची कडान्‌कडा उमटते. उताराच्या सावलीतला किंवा मोठ्या दगडाच्या उत्तरेकडचा ठसा शोधा. उन्हातला ठसा मोजण्यात अर्थ नाही.

हिमबिबट्याचा ठसा गोलसर, रुंदी लांबीच्या जवळ जाणारी. गादी भलीमोठी, दोन बोटं शेजारी ठेवली तरी ती त्यांच्याहून मोठी भरते. गादीची मागची कडा तीन फुगवट्यांची असते आणि ही खूण कुत्र्याच्या कुळात मिळत नाही. बोटं पाण्याच्या थेंबासारखी, गादीपासून सुटी. मधल्या दोन बोटांपैकी एक थोडं पुढे असतं, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं. त्यामुळे ठशाच्या मधून उभी रेघ मारली तर दोन बाजू जुळत नाहीत आणि पाय डावा की उजवा तेही सांगता येतं. हिवाळ्यात तळव्याच्या गाद्यांमध्ये दाट केस असतात, म्हणून भुसभुशीत बर्फात कडा धूसर दिसतात. धूसर कडा म्हणजे जुना ठसा, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

लांडग्याचा ठसा लांबट. मधली दोन बोटं पुढे, एकमेकांना समांतर आणि डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी. गादी त्रिकोणी आणि मानानं लहान. बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून फुलीचं चिन्ह काढता येतं, एकाही बोटाला धक्का न लावता. बर्फात तर ते काढावंही लागत नाही: मध्यभागी दबलेल्या बर्फाची छोटी उंच घुमटी राहते आणि तिच्यातून चार धारा निघालेल्या दिसतात. हिमबिबट्याच्या ठशात गादी इतकी जागा खाते, की बोटांच्या मागे फक्त धनुष्यासारखी वाकडी पट्टी उरते. नखांची छिद्रं सापडलीच, तर लांडग्याची मधल्या दोन बोटांसमोर अगदी जवळजवळ असतात.

माप घेताना सगळ्यात मोठी चूक होते ती वरच्या कडेवर पट्टी ठेवण्याची. पाय बर्फात शिरला की वरची कडा ढासळून बाहेर सरकते आणि नऊचा ठसा अकराचा होतो. गादी जिथे तळाशी टेकली तेवढाच सपाट भाग मोजायचा. तिथून उतार सुरू झाला की माप थांबवायचं. किमान चार-पाच ठसे मोजा आणि पुढचे-मागचे वेगळे लिहा, कारण दोन्ही प्राण्यांचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा मोठे असतात. नखं मापात धरली की नाही, तेही शेजारी लिहून ठेवा. बऱ्याच वादांचं मूळ तेवढ्यातच असतं.

वितळणं हा इथला मोठा फसवा. दुपारी उन्हानं ठसा सगळीकडून पसरतो, बोटं एकमेकांना मिळतात, लांबट ठसा गोल होतो. रात्री तो त्याच रूपात गोठतो आणि दुसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या ठशाचाही 'पिल्लू हिमबिबट्या' होतो. आयबेक्स (डोंगरातला रानबकरा) किंवा भरलाच्या खुरांची खोल भोकंही वितळून गोल होतात आणि लांबून मोठ्या पंजासारखी दिसतात. वाकून तळ बघा. तिथे खुराच्या दोन फाकी टोकदार राहिलेल्या असतात.

माग किती जुना हेही तळच सांगतो. ताज्या ठशाच्या कडेवरचे बर्फाचे बारीक गोळे मोकळे असतात, फुंकरीनं हलतात. काही तासांनी ठसा आवळतो आणि बोट लावलं तर टणक लागतो. ठशाच्या आत दंवाचे सुईसारखे कण जमले असतील, तर तो रात्रीच्या कडक थंडीआधीचा.

गुडघाभर बर्फात ठसा राहतच नाही, नुसती भोकं राहतात. तिथे चाल आणि जागा यांच्यावरच भिस्त. हिमबिबट्याची शेपटी जवळपास मीटरभर लांब, खोल बर्फात कधी कधी ती घासल्याची रेघ दोन ठशांच्या मधे सापडते. सापडली तर मोठा पुरावा, पण नाही सापडली म्हणून काही सिद्ध होत नाही. तो बहुतेक वेळा शेपटी उचलूनच चालतो.

जागेचं म्हणाल तर माग कुठून कुठे गेला, हे निम्मं उत्तर असतं. हिमबिबट्या कड्याच्या पायथ्याला बिलगून, धारेवरून, सोंडेच्या टोकावरून जातो. सरळ उतरता येत असताना एखाद्या खडकापाशी मुद्दाम वळसा घेतो, कारण पुढे झुकलेल्या त्या खडकावर त्याला मूत्राचा फवारा मारायचा असतो. शेजारी मागच्या पायांनी उकरलेला लांबोळा खळगा आणि एका टोकाला सारलेली मातीची किंवा बर्फाची छोटी ढिगोळी दिसते. लांडगा आणि कुत्राही पायानं उकरतात, पण ते माती चारी दिशांना उडवतात. नेटका खळगा आणि ढिगोळी त्यांच्याकडे नसते.

लांडग्याला मोकळं रान आवडतं: रुंद खोऱ्याचा तळ, पठारं, खिंडीकडे चढणारी सोपी वाट. लडाखात मेंढपाळांनी पूर्वी बांधलेले दगडी लांडगासापळे आजही दिसतात. शांगदोंग म्हणतात त्यांना. लडाखीत शांकू म्हणजे लांडगा, त्यावरून हे नाव. भिंती आतल्या बाजूला झुकलेल्या, म्हणजे एकदा आत उडी मारली की वर चढता येत नाही. हिमबिबट्याच्या कड्यांपासून दूर, कळपांच्या वाटेवर ते बांधलेले असतात. ज्यांच्या मेंढ्या जात होत्या त्यांना लांडग्याची वाट पाठ होती.

लांडगा आणि कुत्रा यांच्यात मात्र एका ठशावरून पैज लावू नये. स्पितीतले झुबकेदार मोठे कुत्रे मापात लांडग्याला सहज गाठतात. खरा फरक वागण्यात असतो. लांडगा कामावर निघाल्यासारखा सरळ जातो, किलोमीटरभर रेघ मोडत नाही. कुत्रा दर दहा पावलांनी काहीतरी हुंगायला वळतो, परत येतो, स्वतःच्याच मागावर गोल मारतो. त्याची बोटं फाकलेली, नखं जाड आणि बोथट. शिवाय कुत्र्याचा माग उलट्या दिशेनं धरला, की बहुतेक वेळा कुठल्यातरी घराच्या दारात किंवा उकिरड्यावर संपतो.

लडाखात नुब्रा आणि चांगथांगकडे लिंक्सही आहे आणि तो मांजराच्याच कुळातला, म्हणजे वरच्या गादी-बोटांच्या खुणा इथे उपयोगाच्या नाहीत. त्याचे तळवे इतके केसाळ असतात, की गाद्या नीट उमटतच नाहीत, आणि अंगानं हलका असल्यानं तो त्याच बर्फात कमी रुततो. तिथल्या मागाबद्दल गावच्या वाटाड्याचा शब्द धरावा.

फोटो काढताना पट्टी ठशाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवा. हातमोजा किंवा चष्मा ठेवलेल्या फोटोवरून नंतर कुणालाच माप काढता येत नाही. कॅमेरा थेट वरून धरा; तिरक्या फोटोत गोल ठसा लांबट होतो आणि हिमबिबट्याचा लांडगा बनतो. भर दुपारच्या सपाट उजेडात बर्फ नुसता पांढरा येतो, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कडा उठतात. ऊन डोक्यावर असेल तर जॅकेटची सावली करून एका बाजूनं टॉर्च मारा. प्रत्येक मागाचे तीन फोटो हवेत: एक ठसा, पाच-सहा पावलांची ओळ आणि आजूबाजूचा डोंगर. विष्ठेचा फोटो पुरे, ती उघड्या हातानं उचलू नका आणि नाकाजवळ नेऊ नका. कुत्रा-लांडग्यांच्या विष्ठेत माणसाला बाधणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात.

ताजा माग सापडला तर प्राणी गेला त्या दिशेनं नाही, तो आला त्या दिशेनं जा. पुढे गेलात तर चार हजार मीटरवरच्या थंडीत त्याला उठवून पळवाल आणि त्याची शिकार सुटेल. उलट मागे गेलात तर तो कुठे बसला, कुठे दबा धरला, कुठल्या खडकावर फवारा मारला, हे सगळं बर्फात तसंच राहिलेलं असतं. आणि ठशावर अडलेला हिमबिबट्या-लांडग्याचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच वाटेवर, पहिल्या झुकलेल्या खडकापाशी सुटतो.