‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, निदान नव्हे

आजी तासाभरात चौथ्यांदा ‘जेवलीस का?’ विचारते आणि कुणीतरी म्हणतं, ‘वय झालं, साठी बुद्धी नाठी.’ चूक इथेच होते. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला तपासलेली ऑगस्टे डेटर अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूत त्यांना प्रथिनांचे साठे आणि पेशींतले गुंते दिसले. म्हातारपण नव्हे, आजारच: अल्झायमर.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणं वेगळं. या आजारात नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, सहसा आधी बाधित होतो. म्हणून सकाळचा चहा पुसला जातो, पण लग्नातला उखाणा तोंडपाठ असतो. ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं!’ हा टोमणा (आणि तो बहुतेक घरांत मारला जातोच) अन्यायाचा आहे. पुढे हिशेब, रस्ते, माणसं सुटतात. शेवटी घास गिळणंही जड जातं.

सर्वात जास्त पोळते ती सांभाळणारी सून किंवा लेक. ‘हिनेच माझ्या बांगड्या चोरल्या’ हे तिलाच ऐकावं लागतं; बांगड्या तांदळाच्या डब्यात निघतात. तिथे वाद घालू नये, सोबत शोधायला लागावं.

आणि विसरण्यामागे कधी थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरताही असते. ती औषधाने भरून निघते, पण तपासलं तर.